गुरुवारी नेट जात नाही

इंटरनेट पूर्ण बंद पडलं तर माणूस फारसा हलत नाही. तक्रार नोंदवतो, ऑफिसला कळवतो, फोनच्या डेटावर निकडीची कामं उरकतो आणि उरलेल्या दिवसात माळ्यावरचे डबे काढून पुसतो. खरा छळ असतो तो जाऊन-येऊन असलेल्या नेटचा. जाताना सांगत नाही, आल्यावर कारण देत नाही. बंद पडलेल्याची तक्रार करता येते. या क्षणी उत्तम चालत असलेल्या नेटची तक्रार कशी करणार? कस्टमर केअरला फोन लागेपर्यंत, मराठीसाठीचं बटण दाबेपर्यंत आणि आपला कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे सनईच्या सुरात ऐकेपर्यंत ते परत आलेलं असतं. मग पलीकडची मुलगी विचारते, "सर, आता चालू आहे का?" खोटं बोलणं आपल्या संस्कारात बसत नाही. "आता चालू आहे," आपण म्हणतो. "मग तुमची कम्प्लेंट मी क्लोज करते, सर. आणखी काही मदत हवी होती का?"

सरकारने 2004 साली ब्रॉडबँड धोरण आणलं, तेव्हा ब्रॉडबँड कशाला म्हणायचं हेही ठरवून टाकलं. वेग सेकंदाला किमान 256 किलोबिट, आणि कनेक्शन कसं, तर कायम चालू असलेलं. वेगाचा आकडा पुढे वाढत गेला. जानेवारी 2023 पासून किमान 2 मेगाबिट असल्याशिवाय त्याला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. 'कायम चालू'चं पुढे काय झालं, याची चौकशी मात्र कोणी केल्याचं ऐकिवात नाही. आमच्या केबलवाल्याच्या पत्रकावर 100 मेगाबिट, 200 मेगाबिट असे आकडे फटाक्यांच्या चित्रात छापलेले असतात. दिवसातून किती वेळा जाणार, हा आकडा कोणत्याच प्लॅनमध्ये नसतो. तो बहुधा सगळ्या प्लॅनमध्ये मोफत असावा.

आमच्या पिढीने तुटणारं नेट पहिल्यांदा पाहिलं ते टेलिफोनच्या तारेवर. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि काही वर्षांत मध्यमवर्गीय हॉलमध्ये किंचाळणारा मॉडेम आला. त्या काळात नेट गेलं की निदानाला पाच सेकंद लागत. आतल्या खोलीतून ओरडायचं, "फोन कोणी उचलला?" आरोपी रिसीव्हर हातात घेऊन पॅरलल फोनपाशी उभाच असायचा. "मला मावशीला फोन करायचाय," असा कबुलीजबाबही लगेच मिळायचा. पुढे डीएसएल आलं. फोन आणि नेट दोन्ही एकाच तारेवर नांदू लागले आणि त्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून मधे स्प्लिटर नावाची डबी आली. ती डबी न लावता कोणी बेडरूममध्ये जुना फोन जोडून ठेवला असेल, तर तिकडे घंटी वाजली की इकडे नेट गेलंच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पिलरमध्ये पाणी शिरलं की सगळ्या गल्लीचं जायचं. पण तेव्हा निदान पाऊस दिसत तरी होता.

आता काय आहे ते सांगतो. कोथरूडमधली आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली. केबलवाल्याची फायबर रस्त्यापलीकडच्या खांबावरून निघते, गुलमोहराच्या फांदीवर जराशी टेकते आणि आमच्या गच्चीवर पोचते. तिथे लिफ्टच्या मशीनरूमला लागून एक पत्र्याचा डबा आहे. डब्यात, फायबरमधून आलेल्या उजेडाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारं एक छोटं यंत्र, एक सोळा पोर्टचा स्विच, त्यांचे अडॅप्टर आणि पालीची अंडी. तिथून प्रत्येक फ्लॅटसाठी एकेक लॅन वायर डक्टमध्ये सोडलेली. डक्टमध्ये ड्रेनेजचे पाइप आहेत, कबुतरं आहेत आणि कधीकाळी कोणाच्या तरी खिडकीतून पडलेला एक बर्म्युडा आहे. या सगळ्यांच्या अंगावरून ती वायर खाली येते आणि खिडकीच्या जाळीला भोक पाडून घरात शिरते. या लांबलचक साखळीत कुठेही काहीही बिघडलं तरी आमच्या हॉलमध्ये एकच गोष्ट घडते. मालिकेतली सून अर्ध्या वाक्यावर तोंड उघडं ठेवून थिजते आणि तिच्या नाकावर एक चक्र गोल गोल फिरायला लागतं.

त्या चक्राकडे बघत घरातल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलेलं असतं. बायकोच्या मते राउटर शोकेसमध्ये कोंबल्यामुळे त्याचा जीव गुदमरतो. मुलाच्या मते राउटरच बाद आहे. त्याच्या भाषेत 'पिंग हाय जातो' आणि यावर आठ अँटेनांचा, खालून लाल दिवे लागणारा गेमिंग राउटर हाच उपाय. आईच्या मते मायक्रोवेव्ह. तळमजल्यावरचे काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, ते हॉलमध्ये न येता, जिन्यातूनच सांगतात, "अर्थिंग नाहीये तुमच्याकडे." त्यांच्या मते लिफ्ट अडकण्यापासून दूध नासण्यापर्यंत सगळ्याच्या मुळाशी अर्थिंग आहे. मला यात एक गोष्ट दिसली. प्रत्येकाच्या निदानात त्याला आधीपासूनच हवी असलेली गोष्ट होती. बायकोला ते शोकेस किती वर्षांपासून घरातून घालवायचंय. मुलाला लाल दिवे हवेत. काकांना सगळ्या सोसायटीचं वायरिंग नव्याने करून, स्वतः खुर्ची टाकून त्यावर देखरेख करायची आहे. आणि 'गॅसवर गरम केलेल्या भाजीची चव वेगळी' हे आईचं मत नेटच्या आधीचं आहे.

तरी आईचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर अन्न तापवतो आणि वायफायचा जुना पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचाच. दाराच्या फटीतून जी किंचित गळती होते तेवढ्याने माणसाला काही होत नाही, पण वायफाय अडखळू शकतं. त्यावर उपाय म्हणजे 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाणं. तिथे गर्दी कमी, वेग जास्त. फक्त त्या लहरींना भिंती सोसत नाहीत, आणि आमच्या बिल्डरने बाकी कशातही ढळू न दिलेली काटकसर नेमकी भिंतींच्या बाबतीत सोडली होती.

वायफायची पाहणी करायला मुलाने फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात आजूबाजूच्या सगळ्यांची वायफाय आपापल्या टेकड्या करून दिसतात. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आमच्या इमारतीतली जवळपास सगळी बिऱ्हाडं 6 वर दाटीवाटीने बसलेली होती आणि 11 वर कोणी नव्हतं. राउटर डब्यातून जसा निघाला तसाच चालू करायचा आणि त्याच्या सेटिंगला मरेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या सोसायटीचा बाणा आहे. पण त्या ॲपने मला खरा आनंद दिला तो नावांनी. पुण्यातल्या दारावरच्या पाट्या कमी होत चालल्यात म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा वायफायची यादी उघडून बघावी. 'स्वतःचं घ्या'. 'पासवर्ड विचारू नये'. 'दुपारी एक ते चार बंद'. समोरच्या इमारतीतल्या एकाने तर 'सी विंगवाले दिसतंय सगळं' असं नाव ठेवून संपूर्ण सी विंगला अस्वस्थ केलं होतं. वायफायच्या नावाला 32 रोमन अक्षरांची मर्यादा असते. पुण्याला एवढी जागा पुष्कळ होते.

आम्ही 11 वर गेलो. टीव्हीवरचं चित्र जरा तुकतुकीत झालं. नेट जायचं ते जातच राहिलं.

मग वायफायला बाजूला सारून लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडला. जाणाऱ्या-येणाऱ्या नेटचा तपास इथूनच सुरू करावा असं माझं मत आहे. वायफाय मधे असलं की प्रत्येक साक्षीदार फितूर होतो. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरातल्या राउटरला, म्हणजे 192.168.1.1 या पत्त्याला, दर सेकंदाला 'आहेस का?' असं विचारत बसायचं. दुसरीतून 8.8.8.8 ला. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. त्याचं खरं काम वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणं, पण पत्ता पाठ करायला सोपा असल्यामुळे जगभरातले त्रासलेले लोक नेट गेलं की आधी याला हाक मारतात. दोन्हीकडून ओ येत असेल तर सगळं ठीक. राउटरनेच ओ दिली नाही तर दोष घरात. राउटर बोलतोय आणि 8.8.8.8 गप्प, तर दोष घराबाहेर.

निकाल स्वच्छ लागला. नेट गेलं, सून थिजली, आणि राउटर मात्र एका मिलिसेकंदाच्या आत 'आहे, आहे, आहे' म्हणत होता. बाहेरच्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळींवर ओळी. म्हणजे मायक्रोवेव्ह निर्दोष. शोकेस निर्दोष. आठ अँटेनांची गरज नाही. एका फटक्यात इतके आरोपी सुटले म्हणून घरात पेढे वाटले जातील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "तुझ्या त्या काळ्या खिडकीला काय कळतंय?" आई म्हणाली आणि भाजी गॅसवर ठेवली.

यात खरी गंमत होती ती उपायांची. आमचं नेट गेलं की दोन-तीन मिनिटांत आपोआप परत यायचं. आता दोन-तीन मिनिटांत आपोआप परत येणाऱ्या नेटला जगातला कोणताही उपाय लागू पडतो. बायको राउटर बंद करून चालू करायची. राउटर उठून बसायला दोन मिनिटं घेतो. तोवर नेट आलेलं असायचं. आई भिंतीवरचं बटण बंद करून मनात शंभर आकडे मोजायची. मुलगा फोनचा एअरप्लेन मोड लावून काढायचा. मी गॅलरीत जाऊन खांबाकडे बघायचो. आम्हा चौघांचेही उपाय हमखास यशस्वी होते आणि आपल्याच उपायाने नेट येतं याबद्दल चौघांचीही खात्री होती. एकदा नेट गेलं असताना मुद्दाम कोणालाच कशाला हात लावू दिला नाही. नेट आलं. तर बायको म्हणाली, "सकाळी मी रीस्टार्ट केला होता ना, त्याचा असर."

रीस्टार्टची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. राउटर हा एक लहानसा संगणकच. महिनोन्महिने बंद न करता चालवला की त्याची स्मृती भरते, जुन्या जोडण्यांच्या नोंदी तुंबतात, आणि बंद करून चालू केला की पाटी कोरी होते. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबायला सांगतात त्यालाही अर्थ आहे, आतल्या कपॅसिटरमधली वीज पूर्ण उतरायला हवी. एवढंच, की ज्या बिघाडाशी राउटरचा संबंध नाही त्याचंही श्रेय रीस्टार्टला मिळतं, आणि खरा आरोपी गच्चीवर निवांत बसून राहतो.

शेवटी केबलवाल्याचा पोरगा आला. पाठीला सॅक, कानाला फोन, कमरेला क्रिंपिंगची पक्कड. तो आला आणि आमचं नेट, मुलगी बघायला पाहुणे आल्यावर घर जसं वागतं, तसं वागायला लागलं. आवाज नाही, आदळआपट नाही, विचारलेल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर. स्पीड टेस्ट लावली तर घेतलेल्या प्लॅनपेक्षा दोन आकडे जास्तच. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, ओके दाखवतंय."

"आत्ता दाखवतंय हो. सकाळी तीनदा गेलं होतं."

"आमच्या साइडनं क्लिअर आहे, सर. मागून प्रॉब्लेम असेल."

हे 'मागून' कुठे आहे, हे मला अजून नीट समजलेलं नाही. कधी ते मेट्रोच्या खोदकामात असतं, कधी 'फायबर कट झालीय, जॉइंटिंग चालू आहे' असं असतं, कधी 'वरूनच डाउन आहे' असं असतं. मागून आणि वरून यांच्यामध्ये आपण. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या फोनवर दर दोन मिनिटांनी कोणीतरी खेकसत होतं आणि तो प्रत्येकाला तितक्याच मऊ आवाजात 'अर्ध्या तासात पोचतो, दादा' सांगत होता, माझ्या हॉलमध्ये बसून. रिकाम्या हाताने जायला त्याला बरं वाटेना. त्याने वायरचं टोक कापून नवा जॅक ठोकला, गच्चीवर जाऊन आलो म्हणाला आणि 'पोर्ट बदलून दिलाय' असा दिलासा देऊन गेला. तो जिना उतरून स्कूटर चालू करेपर्यंत नेट टिकलं.

ज्यांच्याकडे फायबर थेट घरात येते त्यांचा तपास जरा सोपा असतो. माझी बहीण त्या भाग्यवंतांपैकी. तिच्याकडच्या डबीवर एलओएस नावाचा दिवा आहे; तो लाल झाला की उजेड पोचत नाहीये, मग राउटरशी भांडण्यात अर्थ नाही. तिच्याकडे आलेल्या माणसाने मीटर लावून उजेड मोजला. तो डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो, आणि उणे 27 च्या खाली गेला की डबीला दिसेनासं होतं. तिच्याकडचा आकडा उणे 26 आणि उणे 29 च्या मधे लोंबकळत होता. कारण गॅलरीत सापडलं. केसाएवढ्या जाडीची काच आहे ती. फार वाकवली की उजेड वळणावर बाहेर निसटतो. मेहुण्यांना ती काळी वायर दोन खिळ्यांच्या मधे छान ताणलेली दिसली आणि ते रोज आंघोळीनंतर तिच्यावर पंचा वाळत घालत होते. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश दूरवर संदेश नेऊ शकेल, हे चार्ल्स काओ यांनी 1966 साली मांडलं आणि त्याबद्दल त्यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं. ओल्या पंचाचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

जेवताना मी घरच्यांना वेल्समधल्या एका खेड्याची बातमी सांगितली. एबरहोसान नावाचं गाव. 2020 साली ती जगभर छापून आली होती. दीड वर्ष त्या गावाचं ब्रॉडबँड रोज सकाळी कोलमडायचं. इंजिनिअर येत, तपासत, सगळं ठीक असे. केबलचे लांबच्या लांब तुकडे बदलून झाले, फरक शून्य. शेवटी एक पथक लहरी मोजायचं यंत्र घेऊन सकाळी सहापासून धो धो पावसात गावभर फिरत राहिलं. बरोबर सातला यंत्रावर विजेच्या गोंगाटाचा लोट उसळला. माग काढत गेले तर एका घरात जुना, सेकंडहँड टीव्ही. मालक रोज सातला तो लावायचा आणि त्या टीव्हीतून निघणाऱ्या खरखरीने अख्ख्या गावाचं नेट पडायचं. मालक बिचारा ओशाळला आणि पुन्हा तो टीव्ही लावणार नाही असं कबूल करून मोकळा झाला.

"मग त्याला नवा टीव्ही कोणी घेऊन दिला का?" आईने विचारलं.

मला सांगायचं होतं ते वेगळंच. दीड वर्ष सगळे केबलकडे बघत होते, घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. तेवढ्यात आई उठली आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेऊन आली. आमच्याकडे दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे, कामवाल्या ताईंची सुट्टी, सगळं कालनिर्णयाच्या चौकोनांत लिहिलं जातं. त्या चौकोनांत गेल्या दोन महिन्यांपासून बारीक अक्षरात 'ने' आणि पुढे वेळ, अशा नोंदी होत्या. ने 7.10. ने 8.40. ने 1.15. तिचा हेतू तपासाचा नव्हता. दुधवाला ज्या दिवशी येत नाही त्या दिवसाचे पैसे आपण कापतो, मग नेटचा खाडा का नाही, असा तिचा रोखठोक सवाल होता, आणि बिलाच्या वेळी त्या पोरापुढे मांडायला ती पुरावा जमवत होती.

त्या नोंदींत आधी काही सूत्र दिसेना. कधी सकाळी लागोपाठ, कधी दुपारी एकदा, रात्री क्वचित. वेल्सच्या गावाला निदान सातचा ठोका होता. मग मुलाने पान लांब धरलं आणि म्हणाला, "आजी, ही लाइन रिकामी का?" आठवड्याच्या एका अख्ख्या ओळीत 'ने' कुठेच नव्हता. गुरुवारची. एकाही गुरुवारी दिवसा नेट गेलेलं नव्हतं.

ही गोष्ट आमच्या घरातून बाहेर कशी गेली मला ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तिचं जराही आश्चर्य वाटलं नाही. "गुरुवार दत्ताचा. त्याच्या वारी कसं जाईल?" त्यांनी हात जोडून विचारलं. यावर विज्ञाननिष्ठ मंडळी हसली, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकाने आपल्या मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू मंगळवारचा बदलून गुरुवारी घेतला. तो निर्विघ्न पार पडला. मग काय विचारता! ॲडमिशनचे फॉर्म गुरुवारी भरले जाऊ लागले. अमेरिकेतल्या नातवंडांचे व्हिडिओ कॉल गुरुवारी सकाळी. बी विंगमधल्या एका कन्सल्टंटने आपल्या जर्मन क्लायंटला दर आठवड्याची मीटिंग गुरुवारी ठेवण्याची विनंती केली आणि कारण 'स्थानिक प्रथा' असं दिलं. जर्मन माणसं नेमाची. त्यांनी ती प्रथा आदराने स्वीकारली.

उलगडा आईच्याच पानावर होता. एके दिवशी दुधाचा हिशेब करताना तिच्या लक्षात आलं की गुरुवारच्या चौकोनात 'ने' नाही, पण दुसरं काहीतरी आहे. तिच्याच अक्षरात, 'पाणी नाही'. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिका बहुतेक वेळा गुरुवार निवडते. 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे वाक्य तर आम्हाला पाठ आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात गुरुवार ठरूनच गेला होता. "पाणी असलं की नेट नाही आणि पाणी नसलं की नेट आहे," आई म्हणाली. "महापालिकेला विचारा."

महापालिकेऐवजी वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "बेस्तरवारी आपण ऑटोमॅटिक बंद ठेवतो. पहाटे एकदा मोटर मारायची, मग दिवसभर नाही." एरवी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की मोटर आपली आपण चालू होते. म्हणून आईच्या नोंदींना घड्याळ सापडत नव्हतं. ऑफिसच्या आंघोळींच्या वेळी टाकी भराभर उतरते, मोटर पुन्हा पुन्हा लागते. दुपारी धुणं-भांडी झाली की एकदा. सोसायटी किती वाजता किती पाणी वापरते, याचा अचूक आलेख आई नकळत काढत होती.

पुढचं तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं, आणि ते फार चांगलं सांगितलं. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्यापुरता त्या लाइनवरचा दाब खाली बसतो. पॅसेजमधला बल्ब डोळा मिचकावतो तो त्यामुळे. मोटर कॉमन मीटरवर, आणि गच्चीवरचा नेटचा डबाही कॉमन मीटरवरच. कारण पूर्वी कधीतरी कमिटीने ठराव केला होता की केबलवाल्याला वीज फुकट द्यायची आणि त्याने सोसायटीच्या कॅमेऱ्यांना नेट फुकट द्यायचं. डब्यातला अडॅप्टर धड असता तर त्याने हा पाव सेकंदाचा झोका सोसला असता. पण त्यातला कपॅसिटर उन्हाने फुगून बसला होता. झोका आला की डब्यातली यंत्रं बंद पडून पुन्हा सुरू होत, आणि ती उठल्यावर प्रत्येक घरातला राउटर नव्याने युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरत असे. आमची ती सुप्रसिद्ध दोन-तीन मिनिटं म्हणजे हा सगळा खटाटोप.

खात्री करून घ्यायला काका गच्चीवर डब्यापाशी, वॉचमनकाका मोटरपाशी आणि मी लॅपटॉपपुढे बसलो. काका फोनवर 'लाव' म्हणाले, मोटर घरघरली, आणि काळ्या खिडकीत ओ येणं बंद झालं. पुन्हा 'लाव', पुन्हा तेच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नेट आमच्या सांगण्यावरून गेलं, आणि ते गेल्याचा आम्हाला काय आनंद झाला! गच्चीवरून काकांचा आवाज आला, "मी पहिल्यापासून सांगत होतो, अर्थिंग!" अर्थिंगचा यात काही संबंध नव्हता. त्यांना तसं कोणी म्हटलं नाही.

अडॅप्टर तीन-चारशे रुपयांचा. तो कोणी आणायचा यावर मात्र जी चर्चा झाली ती इमारतीच्या रंगकामावरही झाली नव्हती. केबलवाल्याचं म्हणणं, प्रॉब्लेम सोसायटीच्या व्होल्टेजचा. कमिटीचं म्हणणं, डबा तुमचा, वीज आमची, त्यात आणखी अडॅप्टर कसला? एका सभासदाने मोटरच बदलावी असं सुचवलं. त्यांच्या मेव्हण्यांची पंपांची एजन्सी आहे. शेवटी तो पोरगा एका संध्याकाळी कुणाला न विचारता नवा अडॅप्टर लावून गेला. सोबत एक छोटा यूपीएसही बसवला, दुसऱ्या इमारतीतून काढून आणलेला. त्या इमारतीचं आता काय चालू असेल याचा विचार आम्ही करत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांना सगळं समजावून सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अडॅप्टर बसवला तो वार कोणता होता?"

गुरुवारच होता.

आईचा खाड्याचा दावा मात्र अजून निकाली निघालेला नाही. प्लॅनचे पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे कापायचे कशातून, असा पेच आहे. पोरगा चार दिवस व्हॅलिडिटी वाढवून देतो म्हणाला. आई सहावर अडून आहे.

तुमच्याकडेही नेट जाऊन-येऊन असेल, तर नवा राउटर घेण्याआधी महिनाभर कॅलेंडरवर वेळा लिहून काढा आणि पाण्याची मोटर कधी लागते ते एकदा वॉचमनला विचारा. दोन-तीन हजार रुपये वाचतील. फक्त हे घरातल्या मुलांसमोर बोलू नका. आमच्याकडे आठ अँटेनांचा विषय अजून बंद झालेला नाही.